खळीचा वास

नातीच्या वह्यांना कव्हरं घालायला आज गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. त्या वासासरशी मी नाशिकच्या जुन्या शाळेत पोचले. तिथं मी पाणी भरायचे, घंटा द्यायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या शाळेत शिक्षकांचं शिबिर भरलं होतं. वर्गात शिकवायला तक्ते कसे करायचे, ते शिकत होते. दुपारी शिक्षणखात्याचे साहेब बघायला येणार, आणि पुठ्ठ्यांवरची चित्रं तर पटापट गळून पडत होती. उकळत्या पाण्यात पीठ टाकल्यानं खळीच्या नुसत्या गुठळ्या झाल्या होत्या.

मी दारातून पुटपुटले, "आधी गार पाण्यात कालवतात."

मुख्याध्यापिका बाईंनी नेमकं ऐकलं. "मग या की पुढं, सीताबाई! दाखवा यांना."

चौथी शिकलेली मी, आणि समोर चाळीस शिक्षक! मान खाली घालूनच पीठ कालवलं, मंद आचेवर ढवळलं, मोरचुदाची चिमूट टाकली. "म्हणजे झुरळं खात नाहीत," एवढंच बोलले.

सिन्नरच्या एका मास्तरांनी शाळकरी पोरासारखा हात वर केला. "बाई, किती वेळ ढवळायचं?"

सगळे हसले. थट्टा करतात म्हणून मी लाजेनं मेले. पण वर पाहिलं तर मास्तरांच्या हातात पेन उघडं होतं.

"काचेसारखी दिसेपर्यंत," मी म्हणाले, आणि सगळ्यांनी लिहून घेतलं.

साहेब आले तेव्हा एकही चित्र हललं नव्हतं. जेवणाची घंटा मात्र मी त्या दिवशी द्यायचीच विसरले, आणि कुणालाच भूक आठवली नाही.