वरची पिशवी

गावाकडच्या एका डॉक्टरने मला फसवलं. गरज नसताना माझी पिशवी काढली. बायका गर्भाशय म्हणत नाहीत, पिशवीच म्हणतात. "ठेवलीत तर कॅन्सर होईल," म्हणाला. मी घाबरले, सही केली. पुढे इथल्या डॉक्टरीणबाईंनी ते सगळे रिपोर्ट पाहिले आणि सांगितलं, पिशवीत वाईट काहीच नव्हतं. त्याला बरीच वर्षं झाली. राग तेवढाच आहे.

हे आधी सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. आणि हेही सांगते की भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी गिऱ्हाइकाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, भुतावर कुठून ठेवणार?

नवी मुंबईत सीवूड्सहून करावे गावाकडे वळलं की माझं दुकान लागतं. पडदे, सोफा कव्हर, अभ्रे. एका जुन्या मशीनवर सुरू केलं, आता गाळा स्वतःचा आहे. मागच्या वर्षी एका दुपारी तिथे एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, बोलणं इथल्या जुन्या गावातलं.

"पिशवी शिवून दे," म्हणाली. "दुपदरी. भायेरचा पदर जाड, अजाबात तानायला नको. आतला गुलगुलीत."

"अस्तर लावू?"

"अस्तर तोंडाशी दुमडून परत आत ने. दोन पदरांत जरा फट ठेव. खाली एक आडवी पट्टी लाव, बूड तिला घट्ट शिव."

"माप?"

"तुजी मूठ हाय ना, तिच्याहून जरा मोठी."

"आजी, ठेवणार काय ह्यात?"

"ठेवायचा तो आत हायेच," म्हणाली आणि हसली.

मी भाव सांगितला, मुद्दाम चढाच. ती लगेच हो म्हणाली! जी बाई भाव करत नाही तिचा मला संशय येतो. पण पिशवी त्याच दिवशी शिवली – बाहेरून कॅनव्हास, आतून साटीन. ती न्यायला काही आली नाही. मी तिच्या नावाने खूप चिडचिड केली.

तेव्हा मला दम लागत होता. उताणी झोपले की जीव घुसमटायचा, पुढे वाकून बसले की बरं वाटायचं. मी ॲसिडिटीच्या गोळ्या खात होते. शेवटी माझी मुलगी – ऐरोलीला आयटीत आहे – मला जवळपास ओढतच हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. छातीची सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण मुलगी होती. म्हणाली, "काकू, पिशवीत पाणी झालंय. आजच काढावं लागेल."

माझं डोकंच फिरलं. "माझी पिशवी काढून वर्षं झाली! अजून किती वेळा काढणार?"

"आई, हळू... सगळे बघतायत."

"बघू देत! एकदा फसले, आता नाही. चल घरी."

मी चप्पल घातलीसुद्धा. डॉक्टर हसू दाबत म्हणाली, "काकू, ती खालची. ही वरची. हृदय उघडं नसतं, त्यालाही पिशवी असते. दुपदरी. बाहेरचा पदर जाड, पटकन ताणत नाही. आतला गुळगुळीत. तो वर मोठ्या रक्तवाहिन्यांपाशी दुमडतो, परत आत येतो आणि हृदयालाच चिकटतो. मधल्या फटीत दोन-तीन चमचे पाणी असतं, हृदय घासू नये म्हणून. तुमच्या फटीत खूप साचलंय. बाहेरचा पदर ताणत नाही, मग दाब येतो तो हृदयावर."

मी खाली बसले. "आणि बूड?"

"काय?"

"बूड कशाला शिवलेलं असतं?"

"छाती आणि पोटामधल्या पडद्याला. घट्ट. तुम्हाला कसं माहीत?"

"केवढी असते?"

"हृदय साधारण तुमच्या मुठीएवढं. पिशवी त्याहून जरा मोठी."

मी चप्पल काढली. म्हटलं, काय करायचं ते करा.

सुई घालून पाणी काढलं. डॉक्टर नंतर म्हणाली, त्या दिवशी घरी गेला असतात तर रात्र निघाली नसती. आणि मी जाणारच होते. कुणाच्या सांगण्याने थांबले नसते. त्या पिशवीमुळे थांबले.

दुकानात माझ्याबरोबर सुरेखा शिवायला बसते. तिला विचारलं, ती म्हातारी परत आली होती का?

"कुठली म्हातारी, ताई?"

"अगं, पिशवी शिवून घेतली ती. तू समोरच होतीस."

"त्या दुपारी? तुम्ही एकट्याच बोलत होतात. मला वाटलं, कानात फोनचं ते घातलंय."

करावे गावातही विचारून आले. हिरव्या लुगड्याच्या म्हाताऱ्या तिथे बऱ्याच निघाल्या, पण ही कुणीच नाही. मुलगी म्हणते, शरीराला आधी कळतं आणि मन गोष्ट रचतं. असेल. पण मी शाळेत सातवीपर्यंत गेले, हृदयाला पिशवी असते हे माझ्या मनाला कुणी सांगितलं?

मी आता मजेत आहे. उताणी झोपते, जिना चढते, गिऱ्हाइकांशी पूर्वीसारखी भांडते. नातवाला कडेवर घेऊन बाजारात फिरते. उपकार मानते, मनापासून. पण आजी, हिशेब बरोबर नाही. तुला माझी वरची पिशवी दिसली, तिचं माप माहीत होतं, शिवण माहीत होती. मग पहिली काढली तेव्हा तू कुठे होतीस? मी टेबलावर पडले होते, सही केलेली बाई, एकटी. तेव्हा का नाही आलीस? मला ह्याचं उत्तर हवंय.