डावरा मारेकरी

कुंभार पिंपळगावचे कारभारी आबा घरात बोलायचे म्हणजे अगदी तोलून मापून. चहा झाला का, बैल आत बांधा, निजा आता. बस्स! माणूस वाईट बिलकुल नव्हता, पण तोंडाला कुलूप. एकाच गोष्टीवर आबा तासभर भांडायचे, अन् तेही फक्त बायकोशी, गोजरबाईशी. एका जुन्या शिनेमात सुपारी घेऊन माणसं मारणारा मारेकरी होता. तो गोळी कोणत्या हातानं झाडायचा, हे ते भांडण.

लग्नाच्या वर्षी बाजाराच्या मैदानात तंबूतला शिनेमा आल्ता. दोघांनी मिळून पाहिलेला तेवढाच. मिळून म्हणजे काय, पडदा मधोमध, गडीमाणसं अलीकडं अन् बाया पलीकडं. घरी येताना आबा म्हणाले, काय नेम हो उजव्या हाताचा! गोजरबाई म्हणाली, उजवा कुठला, चांगला डावरा होता की. झालं, तिथून जी जुंपली ती जन्मभर. लेकरं झाली, अंगद जालन्याला कारखान्यात लागला, तरी भाकरी थापता थापता गोजरबाई हळूच खडा टाकायची अन् आबा ताट बाजूला सारून पेटायचे. शेजारपाजारचे गालात हसायचे.

गेल्या साली गोजरबाई गेली. अंगद म्हणायचा, जालन्याला चला. पण तिथं दिवसभर दार लावून बसण्यापेक्षा आबाला इथं बरं वाटायचं. बरं कसलं, घर खायला उठायचं. संध्याकाळी शेजारून आलेला डबा उघडायचा अन् आबाच्या तोंडून आपसूक निघायचं, "उजवाच होता." मग उलट उत्तर येत नाही हे ध्यानात यायचं, अन् आबा डबा तसाच झाकून ठेवायचे.

अशात अंगदचा फोन आला. तोच शिनेमा नव्यानं काढलाय म्हणे, जालन्यात लागलाय. जुना त्यानं मोबाइलवर शोधला, तर गाणी तेवढी सापडली. आबाला वाटलं, नवा तर नवा, हात थोडाच बदलतील? एकदा डोळ्यांनी पाहावं, निकाल लावावा, अन् फोटोपुढं उभं राहून तिला सांगावं की बघ, मी बराबर होतो. सांगायला काहीतरी असावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

अंगदनं दुपारच्या खेळाला आबाला खुर्चीवर बसवलं अन् तो ड्यूटीवर गेला. मोठं थोरलं थेटर, माणसं मूठभर, तीही मोबाइलमध्ये मुंडकं घालून. गारव्यानं आबानं उपरणं कानाला गुंडाळलं. अन् शिनेमा? शिळ्या कढीला ऊत, दुसरं काय! जुना मारेकरी गप बसायचा, बसल्या जागी नुसता बघायचा, अन् तेवढ्यानंच बघणारा भ्यायचा. हा नवा बाबा आधी कीर्तन करणार, मग मारणार. गाड्या उडाल्या, इमारती पडल्या, मेलेल्यांचा हिशेब कुणी ठेवावा? अन् बंदुका तर दोन्ही हातांत! आबा शेवटपर्यंत वाट बघत बसले. शेवटी तर त्यानं तोफेसारखं काहीतरी खांद्यावरच घेतलं.

परतीच्या एसटीत गावचाच रामराव भेटला. चष्मा करायला आल्ता. आबा इतके हिरमुसले होते की जन्मात नव्हतं ते झालं, परक्या माणसापुढं सगळं ओकून मोकळे झाले. रामराव आधी हसला. मंग म्हणाला की अहो, बाया पडद्याच्या पाठीमागून बघायच्या, त्यांना सगळं उलटंच दिसणार. पडद्यावरची अक्षरंबी उलटी होती, पण तिकडं वाचता कुणाला येत होतं? तुम्ही बी खरे अन् वहिनी बी खऱ्या.

आबानं कपाळावर हात मारला. एवढं साधं, अन् आपल्या डोक्यात कसं आलं न्हाई! भांडण मिटलं होतं अन् त्यांना बिलकुल बरं वाटत नव्हतं. तिला तरी हे कळायला पाहिजे होतं, असं ते पुटपुटले.

"त्यांना ठावं होतं की," रामराव म्हणाला. "आमच्या घरचीनंच सांगितलं होतं. अंगद तव्हा पाळण्यात होता."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

रामराव नवा चष्मा उगाच पुसत राहिला.

"वहिनी म्हणल्या, ह्यांना कळू देऊ नका. ह्या एका गोष्टीपायीच माझ्याशी बोलतेत."

पिंपळगाव येईपर्यंत आबानं खिडकीकडचं तोंड वळवलं नाही. घरी येऊन त्यांनी दार लोटलं, टोपी काढली अन् फोटोपुढं भुईवर बसले. शिनेमाचं नाव काढलं नाही. एसटीला गर्दी होती म्हणाले. अंगद वाळलाय म्हणाले. सोयाबीन बरं आहे, गुडघा दुखतो, शेजारणीच्या भाजीला तुझी चव न्हाई, असं जे सुचेल ते, डबा गार होऊन गेला तरी, आबा गोजरबाईला सांगत राहिले.