नाथसाहेबांशी धरलेला अबोला

देवावर रागावलेल्या बाईने देवाचा अनुभव लिहावा का, मला ठाऊक नाही. पण मी रागावले होते, आणि चांगलीच रागावले होते. आमचं घर माण गावातलं. गावचं दैवत भैरवनाथ, आम्ही त्यांना नाथसाहेब म्हणतो. माझी लेक ऋतुजा दहावी पास झाली आणि म्हणाली, "मम्मी, मी आयटीआयला जाणार. मशिनिस्ट." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी स्वतः आयटीआय केलेली. चाकणच्या कंपनीत पंधरा वर्षं कंत्राटावर उभी राहिले, तेव्हा कुठे पर्मनंट झाले, आणि आता क्वालिटीला पार्ट तपासते. पायाच्या शिरा फुगल्या. वाकडची माझी नणंद चारचौघांत माझी ओळख करून देते ती "वहिनी कंपनीत असतात" एवढीच, पुढे विषय बदलते. आमच्याच रानात उभ्या राहिलेल्या त्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत माझी पोर गळ्यात कार्ड घालून जाणार, हे मी ती पाळण्यात होती तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

आमच्याकडे घरातला मोठा निर्णय अडला की नाथांना कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी विचारलं, पोरगी सायन्सला जाईल ना? डावी पडली. मला ते पटेचना. म्हटलं, परत लावा. गुरवांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वहिनी, एका गोष्टीला दोनदा इचारत न्हाईत. देवाला खोटं पाडल्यावानी व्हतंय." मी ऐकते कसली! त्यांनी नाइलाजाने पुन्हा पाकळ्या लावल्या. पाऊण तास मी बसून राहिले, एक पाकळी हलेल तर शपथ. शेवटी मी उठले आणि भर गाभाऱ्यासमोर नाथांना म्हणाले, "नका बोलू. माझी पोर आहे, माझं मी बघते." बरोबर आलेल्या सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. त्या दिवसापासून मी नाथांचं नाव घेणं सोडलं.

त्याच महिन्यात कंपनीने आम्हा चौघांना नव्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीला धाडलं. आता एक कबुली देते. आमच्या घरात बँकेपासून गॅसपर्यंत सगळ्याला नंबर माझा. आयटीआयच्या फॉर्मवरही बापलेकींनी सवयीने माझाच नंबर टाकला होता. म्हणजे फॉर्म उघडायला लागणारा ओटीपी माझ्याच मोबाईलवर येणार. मी ते सिम तसंच फोनमध्ये ठेवून विमानात बसले. ऋतुजाने तिकडे फॉर्म उघडायला घेतला की इकडे माझा फोन वाजायचा. सहा आकडे यायचे. मी बघायचे आणि फोन पालथा ठेवायचे. मागोमाग तिचा मेसेज, "मम्मी, आला का?" मी गप्प. नवऱ्याने एकदा विचारून पाहिलं, "अगं, किती ताणशील?" त्यालाही मी उडवून लावलं. नंबर बदलून घ्यायची सोय होती, पण मला न विचारता तो असलं काही करणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. खरं सांगते, आतून मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

फॉर्मची मुदत एका शनिवारी संध्याकाळी पाचला संपणार होती. तिथले दुपारचे दीड. एकदा दीड वाजला की सुटले, असं म्हणत मी सकाळीच खोलीबाहेर पडले. बरोबरच्यांनी खिचडीचा बेत केला होता, पण मला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. शेजारच्या गावात नदी आहे म्हणे, तिकडे बसून राहू, म्हणून बस धरली. तिकडे उतरायच्या आधी लाल बटण दाबावं लागतं. आपला स्टॉप निघून जाईल या धास्तीने मी ते एक स्टॉप आधीच दाबलं. बस थांबली, दार उघडलं, सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता मागे कुठे हटायचं, उतरले मुकाट्याने. पुढची बस दीड तासाने. समोर एक लांबट इमारत होती आणि आतून कानशीचा आवाज येत होता. लोखंडावर कानस घासल्याचा तो आवाज मी झोपेतही ओळखेन. दुसरं काही दिसेना म्हणून आत गेले.

ती तिथली कामाचं शिक्षण देणारी शाळा निघाली. त्या दिवशी आईवडिलांना मुलांचं काम बघायला बोलावलेलं होतं. निळ्या डगल्यातली पन्नाशीची एक बाई पुढे आली, तिथली शिक्षिका. आमचं दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं. ती म्हणाली, इथली मुलं आठवड्यातले काही दिवस कंपनीत काम करतात, काही दिवस इथे शिकतात. ऋतुजाच्याच वयाची एक मुलगी लोखंडाचा ठोकळा घासत होती. सवयच ती, मी मापायचं व्हर्नियर उचललं आणि मापलं. एका बाजूला दोन पॉइंट, म्हणजे केसभर, जास्त होतं. बोट ठेवून दाखवलं. पोरीने मान डोलावली, ठोकळा परत शिकंज्यात आवळला आणि घासायला लागली. रुसली नाही की लाजली नाही. तिचं ते सहज वागणंच मला सहन झालं नाही. मी त्या बाईला फटकन म्हटलं, "तुमच्याकडे हाताने काम करणाऱ्याला मान आहे. आमच्याकडे येऊन बघा एकदा."

ती हसली. "कोण म्हणालं? माझ्या आईला मी बँकेत हवी होते. मी कितीतरी वर्षं इथे शिकवतेय. दरवर्षी कुणाकुणाचे आईबाप येतात. माझी आई एकदाही आली नाही. आता तर ती राहिलीच नाही." एवढं बोलून ती फडक्याने व्हर्नियर पुसत राहिली.

आणि माझा फोन वाजला. सहा आकडे. तिथे एक वाजून पाच मिनिटं झाली होती. मी ऋतुजाला फोन लावला, तिने उचलला नाही. परत लावला. उचलला. मी म्हटलं, "लिही." आकडे सांगितले. पलीकडे खटखट झाली आणि मग, "गेला, मम्मी. एक्स्पायर झाला."

"परत मागव!" मी ओरडलेच. पण शेवटचा दिवस, सगळा महाराष्ट्र त्या साइटवर, नुसतं चाक फिरतंय. पाच मिनिटं गेली, दहा गेली. इतके दिवस ज्यांचं नाव घेणं सोडलं होतं त्यांनाच मी त्या परक्या शाळेत, परक्या बाईसमोर, मोठ्याने मराठीत म्हटलं, "नाथसाहेब, राग असेल तर माझ्यावर काढा. माझ्या पोरीवर नको हो." ओटीपी आला. एकेक आकडा दोनदोनदा सांगितला. मग ऋतुजा म्हणाली, "झालं. फॉर्म गेला." आणि हुंदके द्यायला लागली.

थोड्या वेळाने नाक ओढत म्हणाली, "मी पप्पांना म्हणतच होते. मम्मी मुद्दाम असं करणारच नाही, तिकडे रेंज नसेल."

होय म्हणून मोकळी होऊ शकले असते. पण मी म्हटलं, "रेंज होती, बाळा. प्रत्येक ओटीपी येत होता. मीच देत नव्हते." तिने फोन ठेवला. ती बाई काही न विचारता माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली.

मला चुकीच्या स्टॉपवर नाथांनी उतरवलं का? मी कोण सांगणार. पण त्यांचे उपकार मी मानते, आणि तेही उघडपणे मानते. आता नणंद नाक मुरडते, "पोरीच्या जातीला मशीन कशाला?" तेव्हा मी तिला ऐकवते, "तिचं काम बघायला या एकदा, चहा पाजते." देवाशीसुद्धा माझं भांडण संपलेलं नाही, पटलं नाही तर परत भांडेन. पण ते माझ्या स्वतःपुरतं, लेकीचं आयुष्य मुठीत धरून नाही. ती मूठ मी त्या दिवशी सोडली, आणि शरण जाणं म्हणजे काय ते मला तेवढंच कळलंय. ऋतुजा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिचा मेसेज आला, "आयटीआयच्या यादीत नंबर लागला. तू परत आलीस की मला व्हर्नियर शिकव."