डब्यांखालचा कागद

वडाळा नाक्यावरचा इसाक फिटर खोक्यातला कागद वाचून झाल्याशिवाय पान्याला हात लावत नसे. गॅसची शेगडी असो, पाण्याची मोटर असो की साधा मिक्सर असो, गिऱ्हाईकानं खोकं फोडलं की तो आधी आत हात घालून कागद काढायचा, उलगडून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून बसायचा.

"वाचा."

"अहो इसाकभाई, मला काय परीक्षेला बसायचंय?" लोक हसत. "पंचवीस वर्षं झाली तुम्हाला या धंद्यात. तुम्ही लावा, आम्ही वापरतो."

तरी तो उठत नसे. कागद इंग्रजीत असला तर शेजारपाजारचं कुणी शिकलेलं बोलवायला लावी. सगळं वाचून झालं की शेवटी न चुकता विचारी, "खिडकीचं काही लिहिलंय का?" मिक्सरच्या कागदात खिडकीचं काय असणार! जेल रोडच्या दोन-चार घरांत त्यामुळे त्याला 'खिडकीवाला' असंच नाव पडलं होतं. ते त्याच्या कानावर आलेलं होतं. त्यानं ते कधी खोडून काढलं नाही.

आधी तो असा नव्हता. शिक्षण उर्दू शाळेत तिसरीपर्यंत, पण हात असा की नळाचा आटा बोटानं चाचपून माप सांगावं. "माझे हातच वाचतात," असं तो जरा तोऱ्यात म्हणायचा. खोक्यातले कागद तो वाचत नसला तरी टाकतही नसे. गुळगुळीत, जाड कागद. पिशवीत घालून घरी न्यायचा, आणि त्याची बायको जैतुनबी ते स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरायची. वर हळदीचे, मिरचीचे, डाळीचे डबे. जैतुनबी कळवणची, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. कधी फळी पुसताना ती म्हणायची, "अजी, लोकांच्या वस्तूंचा कागद लोकांनाच द्यायचा असतो ना?"

"लोक काय करतात त्याचं? चुलीत घालतात."

आणि ते काही खोटं नव्हतं.

पंच्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर जेल रोडच्या एका कॉलनीत मल्हारी गांगुर्डे यांच्याकडे त्यानं गॅसचा गीझर लावला. गांगुर्डे सरकारी कचेरीत कारकून. नेमस्त माणूस. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, वर बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांचं कपाट. मुलगा मिलिंद नोकरीला लागला होता आणि मुलगी सुजाता डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. बंबात लाकडं कोंबून कोंबून विमलाबाईंचे डोळे गेले, असं म्हणत मिलिंदनं पहिल्या बोनसमधून तो गीझर आणला होता. त्या आळीत तो पहिलाच. पाहायला शेजारणी आल्या होत्या.

गीझर भिंतीवर बसला, नळ्या जोडल्या, काडी लावली, निळी ज्योत भकदिशी पेटली. मग विमलाबाई म्हणाल्या, "इसाकभाई, तेवढा झरोका बंद करून द्या. गार वारा नुसता कापतो, आणि मागच्या गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्याचं डोकं दिसतं. घरात तरणी पोर आहे."

इसाकनं गीझरच्याच खोक्याचा पुठ्ठा घेतला, ब्लेडनं कापला आणि चारी बाजूंनी चुका मारून असा चपखल बसवला की बोट शिरायला जागा राहिली नाही.

तो पिशवी आवरत होता तेव्हा सुजाता दारात आली. वेणीला लाल रिबीन आणि शाईनं निळी झालेली बोटं.

"चाचा, त्याच्यातला कागद द्या ना. मी वाचते."

"त्यात काय वाचायचंय बेटी? मी आहे ना."

"आमच्या बाई म्हणतात, वस्तू वापरायच्या आधी वाचावं."

आतून विमलाबाईंची हाक आली, "सुजे, कागद काय वाचत बसलीस? चहा ठेव आधी, चाचा जायला निघालेत." ती हसून आत गेली. कागद इसाकच्या पिशवीत राहिला.

जानेवारीतल्या एका रविवारी, नाशिकला पाणीसुद्धा दाताला लागतं अशा थंडीत, सुजाता सकाळी डोक्यावरून न्हायला गेली ती बाहेर आली नाही. मिलिंदनं दार फोडलं. अंगावर जखम नाही, ओरखडा नाही, गाल तर नुसते गुलाबी. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. एकोणीस वर्षांच्या मुलीचं हृदय कशानं बंद पडतं, हे कुणी विचारलं नाही. विचारायची कुणाला शुद्ध नव्हती. इसाक मातीला गेला होता. मागे उभा राहिला, डोळे पुसले आणि परत कामाला लागला.

मे महिन्यात मिलिंदचं लग्न झालं. ठरलेलं होतं, लांबवून काय करायचं, असं थोरांचं मत पडलं. सून शालिनी, बोलायला मऊ, केस गुडघ्यापर्यंत. उन्हाळा-पावसाळा नीट गेला. तेव्हा गीझर कोण पेटवतो? थंडी सुरू झाली आणि केस धुवायला बराच वेळ आत राहिलेली शालिनी दोन रविवारी लागोपाठ बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. दुसऱ्या वेळी तर तिला ओढून बाहेर काढावं लागलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आत कुणीतरी होतं. माझ्या छातीवर बसलं होतं."

मग इसाकला निरोप गेला.

तो दुपारी पोचला तेव्हा घरात दोघी बायकाच होत्या. बाथरूमच्या चौकटीला लिंबू आणि मिरच्या टांगलेल्या पाहून त्याला नवल वाटलं. हे असलं या घरात?

विमलाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "ह्यांना वाटतं शेजारणीनं बांधलंय. बोलू नका कुठं. भगत आणला होता मी. तो म्हणाला, पोरीचा जीव अडकलाय. न्हाताना गेली ना. भावजयीचे केस बघवत नाहीत तिला, छातीवर येऊन बसते. दाराखालच्या फटीतून येते म्हणाला. तेवढी फट पट्टी मारून बंद करा. आणि गीझरही बघा जरा, ज्योत पिवळी झालीय."

इसाक आत गेला. फटीतून उजेड कुठवर येतो हे बघायला त्यानं दार लावून घेतलं, ज्योत तपासायला गीझर पेटवला, गरम पाणी बादलीत सोडलं आणि टेप घेऊन उकिडवा बसला. वर त्याचाच पुठ्ठा, वाफेनं काळपट पडलेला, पण जागचा हललेला नव्हता.

थोड्या वेळानं त्याचं कपाळ ठणकू लागलं. टेपवरचे आकडे एकमेकांत मिसळले. उठावं म्हटलं तर उठवेना. पाण्याच्या धारेत कुणीतरी बोलतंय असं त्याला वाटलं. अगदी कानाशी, हसऱ्या आवाजात, "चाचा, तो कागद द्या ना."

त्यानं अंग दारावर टाकलं. कडी कशी निघाली त्याला कळलं नाही. तो मागच्या अंगणात पायरीवर येऊन बसला. विमलाबाई पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. "तुम्हालाही दिसली?"

इसाकनं तोंड वाऱ्याकडे केलं. वारं लागलं तसतसं डोकं उतरत गेलं, आणि मोकळ्या हवेत जे उतरतं ते भूत नसतं, एवढं त्या फिटरच्या डोक्याला समजलं. "गीझर पेटवू नका. मी संध्याकाळी येतो," म्हणून त्यानं सायकल काढली.

घरी येऊन त्यानं फळीवरचे डबे भराभर खाली उतरवले.

"काय हरवलं?" जैतुनबीनं विचारलं.

"गीझरचा कागद. गेल्या वर्षीचा."

तो मिरचीच्या डब्याखाली निघाला. वर डब्याचे गोल लाल डाग. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला हिंदी. जैतुनबी उजेडाला धरून एकेक शब्द वाचत गेली आणि चौथ्या कलमाशी तिचा आवाज हळू झाला. "उपकरण जलते समय स्नानघर का झरोखा खुला रखें. बंद जगह में प्राण जा सकते हैं."

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. मग विचारलं, "तुम्ही कुठं झरोका बंद केला होता का?" त्याच्या तोंडाकडे बघून तिनं कागद खाली ठेवला. तिलाही सुजाता माहीत होती. ईदेला घरी येऊन शीरखुर्मा घेऊन जायची ती.

"पुठ्ठा काढून येतो," इसाक म्हणाला. "कुजला होता म्हणून सांगतो. सूनबाई वाचली म्हणजे झालं."

जैतुनबीनं फळी पुसली. डबे मात्र परत ठेवले नाहीत. कागदाची घडी घालून तिनं त्याच्या पिशवीत टाकली. "न्या तर खरं. द्यायचा की नाही, तिथं ठरवा."

दिवेलागणीला तो परत गेला. गांगुर्डे नुकतेच कचेरीतून आले होते, सायकलला कुलूप घालत होते. इसाकनं कुणाशी न बोलता स्टुलावर चढून चुका उपटल्या. पुठ्ठा निघाला आणि गार वाऱ्याचा झोत तोंडावर आला. काम संपलं. शालिनीला आता धोका नव्हता. पिशवी उचलून तो पुढच्या खोलीतून निघाला असता, तर कुणी त्याला थांबवलं नसतं.

पण पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्याला रिकामा खिळा दिसला. तिथं सुजाताचा फोटो असायचा. भिंतीवर त्याच्या मापाचा चौकोन राहिला होता.

"भगतानं काढायला सांगितला," विमलाबाई कुजबुजल्या. "नावसुद्धा घ्यायचं नाही म्हणाला. नाव घेतलं की येते. तिचे कपडेही देऊन टाकले मी." आणि मग, लहान मूल विचारतं तशा आवाजात, "आता ती यायची नाही ना, इसाकभाई?"

आईला आपल्याच मुलीची भीती वाटत होती. इसाकचा पाय उंबऱ्यावरून मागे आला. त्यानं कागद काढून गांगुर्ड्यांच्या हातात दिला.

"साहेब, चौथं कलम वाचा."

गांगुर्ड्यांनी चष्मा लावला. कचेरीतला कागद वाचावा तसं सावकाश, मोठ्यानं वाचलं. मग एकदा मनातल्या मनात वाचलं. "हा कुठं होता?"

"माझ्या घरी. मिरचीच्या डब्याखाली. झरोका मी बंद केला, साहेब. माझ्या हातानं. पोरगी काही कुणाच्या छातीवर बसत नाही. आत कोंडलेला ज्योतीचा वायू बसतो. तिच्याही बसला होता." त्याला थांबता येत होतं, पण तो थांबला नाही. "आणि तिनं हा कागद मागितला होता. मी दिला नाही."

शालिनी भिंतीला टेकली. गांगुर्डे उठून बाथरूमकडे गेले. उघड्या झरोक्याखाली पाठमोरे उभे राहिले, आणि मग त्यांनी चौकटीवरचं लिंबू ओढून तोडल्याचा आवाज आला.

विमलाबाई मात्र इसाककडेच बघत होत्या. "तिनं मागितला होता," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं होतं. मीच म्हटलं, कागद काय वाचतेस, चहा ठेव. आणि झरोका बुजवायला मीच सांगितलं."

"ताई, तुम्हाला काय माहीत? माहीत असायला हवं होतं ते मला."

"म्हणजे ती त्रास देत नव्हती?"

"ती कुणाला त्रास देणाऱ्यातली होती का?"

विमलाबाई आत गेल्या. ट्रंकेची कडी वाजली. साड्यांच्या खालून काढलेला फोटो त्यांनी पदरानं पुसला, खिळ्याला अडकवला आणि तो सरळ बसेना म्हणून दोनदा हात लावला. मग वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "सुजे." घरात कुणी हललं नाही. त्या तिथंच खाली बसल्या आणि रडल्या.

मग डोळे पुसून त्या इसाकला म्हणाल्या, "आता तुम्ही जा." त्या आवाजात राग नव्हता, माफीही नव्हती. त्यांनी त्याला पुन्हा कधी कामाला बोलावलं नाही. कागद गांगुर्ड्यांनी ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून इसाक आजवर लावलेल्या प्रत्येक गीझरच्या घरी गेला. अकरा घरं होती, आणि त्यातल्या चार घरांत त्याला झरोके बुजवलेले सापडले. एक पोत्यानं, एक पत्र्यानं, दोन पुठ्ठ्यानं. एका घरात सासूबाई भांडायलाच उठल्या, "थंडीनं मरू का आम्ही?" तो जिना उतरला नाही. झरोका मोकळा झाल्यावरच उतरला.

जैतुनबीनं फळ्यांवर तेव्हापासून वर्तमानपत्र अंथरलं.

थंडीतल्या रविवारी सकाळी इसाक अजूनही कॉलनीच्या मागच्या गल्लीतून वाट वाकडी करून जातो. सायकलवरून उतरतो, गांगुर्ड्यांच्या झरोक्याकडे मान वर करून बघतो. आत पाण्याचा आवाज असतो आणि त्या आवाजात कधीकधी त्याला कागद मागणारी हाकही ऐकू येते. भगताकडे जावं असं ते काही नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. झरोक्यातून वाफ बाहेर पडताना दिसेपर्यंत तो तिथं थांबतो. वाफ दिसली की पायडलवर पाय ठेवतो.