मामा आणि वरची फळी

मामाची उंचीशी कधी गट्टी जमली नाही. घरातला दिवा गेला की स्टुलावर मामी चढायची आणि मामा खाली स्टुलाचा पाय घट्ट धरून "सांभाळ गं, सांभाळ" करायचा. अशा माणसाकडे नगरपालिकेने आकाशातून उड्या मारणाऱ्यांची सुरक्षा सोपवली होती!

आधी तो लिफ्ट, पाळणे, पोहण्याचे तलाव तपासायचा. जुन्या धावपट्टीवर स्कायडायव्हिंगचं केंद्र निघालं, तेव्हा तिथे काय तपासायचं हे कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ते लचांड त्याच्या गळ्यात पडलं. त्याने आपली रीत काढली. पॅकिंगच्या खोलीत यायचं, फळीवरची पॅराशूटची एखादी तयार पिशवी लांबलचक टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, "उघडा."

खपून घातलेली घडी मोडताना तिथल्या बायका मनातल्या मनात त्याचा उद्धार करायच्या. त्यात माझी आई, म्हणजे त्याची सख्खी धाकटी बहीण, सगळ्यात पुढे.

"दादा, निदान चहा तरी होऊ दे रे!"

"चहा उकळेपर्यंत घडी मोडून होईल."

कॉलेज सुटलं की मी तिथेच जायचे. कोऱ्या नायलॉनचा तो वास, बायकांचं ते खिदळणं आठवलं की आजही जीव हळहळतो.

मामा पिशवी नेहमी खालच्या फळीवरचीच उचलायचा, कारण वरच्या फळीला स्टूल लागायचं. हे सगळ्यांना माहीत होतं, मालकाला तर जरा जास्तच. एकदा, मोठ्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी, मामाने सहज मान वर केली मात्र, मालक लगबगीने म्हणाला, "साहेब, तुम्ही कशाला वर चढताय? खालच्या बघा ना!"

चोराच्या मनात चांदणं. मामाने स्टूल ओढलं.

"मी काढून देते," आई म्हणाली.

"नको. तू इथे नोकरीला आहेस."

फळीला घट्ट धरून चढला. पिशवीतलं मुख्य पॅराशूट आईच्या हातचं, झकास होतं. त्यामागचं राखीव पॅराशूट मात्र ओल लागून कापडाला कापड चिकटलेलं. त्याची घडी घालायला बाहेरून जाणकार कारागीर बोलवावा लागे आणि मालकाने तो वर्षभर बोलावलाच नव्हता. मामाने तिथल्या तिथे केंद्राला कुलूप ठोकलं.

आमचं घर आईच्या पगारावर चालायचं. "कुलूप लावायला बहिणीचंच दार सापडलं!" म्हणून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. मामा तरी रोज यायचा, माझ्याशी बोलत बसायचा, आत आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मला दोघांची दया यायची.

काही महिन्यांनी राखीव पॅराशूट सगळी नव्याने घडी घालून झाली. मामाने ती एकूण एक तपासली, वरच्या फळीवरचीसुद्धा. परवान्याआधी एक चाचणीची उडी हवी होती.

"मी मारते," आई मालकाला म्हणाली. भावाला न कळवता ती उडी मारायला केव्हाच शिकली होती! मामा पांढराफटक पडला, पण नाही म्हणाला नाही.

विमान वर गेलं. मामा बुटांकडे बघत उभा राहिला. मी त्याचा हात धरला, तो गार पडला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या तरी त्याने मान उचलली नाही. आई उतरली, कापड गोळा करून थेट त्याच्यासमोर आली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"वर बघितलंस तरी का?"

"नाही."

"का रे? तपासनीस ना तू?"

"घडी तुझ्या हातची होती," मामा म्हणाला. "त्यात तपासायचं काय?"

आईने कापड तिथेच टाकलं आणि त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.