तुपाचे बोट

आमच्या स्वयंपाकघरात, देव्हाऱ्याच्या शेजारच्या ओट्यावर, एक कॉफीचे यंत्र आहे. महासाथीच्या काळात मुलगा इंदापुरात घरूनच नोकरी करीत होता. त्या वेळी त्याने ते आणले आणि परदेशी जाताना इथेच ठेवले. उकळते पाणी दाबाने पुडीतून सोडून दाट, काळी कॉफी काढणारी ही वस्तू मला फार परकी वाटली. माझ्या पत्नीने मात्र तिला आपलेसे केले. दांड्याच्या चाळणीत पूड भरायची, ठोकळ्याने दाबायची, दांडा उजवीकडे ओढून घट्ट बसवायचा, बटण दाबायचे आणि खाली कप धरायचा, हे सारे तिच्या हाती असे बसले की जणू माहेराहूनच ती ते शिकून आली होती. पहिला घोट चांदीच्या वाटीत, दुधात मिसळून, वर तुळशीपत्र ठेवून, बाळकृष्णापुढे जाई. मी एकदा शंका काढली, तेव्हा ती म्हणाली, "दूध चालतं ना त्याला? मग दुधात थोडं काळं पडलं तर काय बिघडलं? तो स्वतः तरी कुठे गोरा आहे?"

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले. पण त्या दिवसापासून तिच्या वाटीसाठी तुळस मीच खुडून देऊ लागलो.

पुढे तिची स्मृती ओसरू लागली. आधी नावे गेली, मग सायंकाळच्या स्तोत्रातील चरण एकमेकांत मिसळू लागले, मग वरणात मीठ दोनदा पडू लागले. बारामतीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितले, की ही वाट परतीची नाही. तरी हातांना ठाऊक असलेले काम बरेच दिवस टिकते, तेवढे एखादे सांभाळा. रांगोळी गेली. वाती वळणे गेले. कॉफी तेवढी राहिली. दुपारी चारच्या सुमारास आतून हाक येई, "अहो, कॉफी." दिवसभरात ती मला हाक मारी ती एवढीच. त्या "अहो"त मी कोण हे तिला अजून ठाऊक आहे, इतके मला उमगे, आणि तेवढ्यावर माझा दुसरा दिवस उजाडे.

एके दुपारी यंत्र नुसतेच घरघरत राहिले. पाण्याचा थेंब येईना. ती बटण दाबत राहिली, दाबत राहिली, आणि मग तिने माझ्याकडे पाहिले. काही चुकले ते तिच्याच हातून, असा भाव तिच्या मुद्रेवर होता.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, ते टाकून द्या. नवीन पाठवतो."

"नव्याला असाच दांडा असेल?"

"दांडा कशाला? आता सगळं एका बटणावर होतं."

"मग नको," मी म्हणालो. "हे उघडायचं कसं, तेवढं सांग."

त्याने दृश्य-फोनवरून दाखविले. सकाळची पूजा आटोपून मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले. सुटे स्क्रू हरवू नयेत म्हणून जुने ताम्हन घेतले. वरकुट्याहून कामाला येणारी बाई केर काढता काढता थांबली.

"तात्या, मशिनीची बी पूजा मांडली व्हय?"

"पूजाच आहे."

"मग परसाद काय हाय?"

"कॉफी."

"ऱ्हाऊ द्या. त्यो कडू परसाद तुमच्या देवालाच गोड."

यंत्राच्या पोटात पितळेची लहानशी टाकी निघाली, दोन अर्धांची, संपुटासारखी. उघडली तर आत पांढरे, दगडासारखे थर. आमच्या बोअरच्या पाण्यातील क्षार वर्षानुवर्षे तिथे साचला होता. ती टाकी मी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत ठेवली. दुसऱ्या सकाळी थर सुटून तळाशी बसले होते आणि पितळ अभिषेकपात्रासारखे उजळले होते. त्या क्षणी मला वाटले, की मनुष्याच्या डोक्यातील थरही असेच सुटते, तर! पण असा विचार करण्यात अर्थ नव्हता. दोन अर्धांमधील रबरी कडे मात्र वाळून तडकले होते, आणि ते इंदापुरात मिळेना.

एसटीने बारामतीस निघालो. लासुर्ण्याजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडली. उन्हात बसून मी हातरुमालात बांधलेले तडकलेले कडे पुन्हा पुन्हा चाचपीत होतो. अस्थी घेऊन निघाल्यासारखे वाटत होते. बाजारात दूध काढण्याच्या यंत्रांचे सुटे भाग विकणारे एक दुकान आहे, तिथे मला पाठविण्यात आले. दुकानदाराने कडे उलटसुलट केले.

"किती गायी हायेत आबा?"

"एकही नाही. कॉफीच्या यंत्राचं आहे."

"कॉफीचं? आवो, मग गायीला पाजा की कॉफी, जास्ती दूध दील!" तो स्वतःच हसला, पण खोके धुंडाळून त्याच मापाचे कडे काढून दिले. वर एक लहान नळी ठेवली. "ह्ये ग्रीस लावा बसवताना. खाण्याच्या वस्तूला चालतंय."

"कशाचं करतात हे?"

"ते मला कुठं ठावं?"

"जनावराच्या चरबीचं तर नाही ना?"

त्याने नळी डोळ्यांजवळ धरली. अक्षरे बारीक होती. "नसल, बहुतेक," तो म्हणाला.

तो "बहुतेक" माझ्या मनातून जाईना. यातून निघणारा पहिला घोट देवापुढे जाणार होता. नळी पिशवीतच राहिली. देव्हाऱ्यातील निरांजनासाठी ठेवलेल्या गायीच्या तुपात मी अनामिका बुडविली आणि गंध लावावे तितक्या हलक्या हाताने ते कड्यावर फिरविले. याहून शुद्ध पदार्थ माझ्या घरात दुसरा नव्हता.

यंत्र चालू झाले. चार वाजता ती आली, दांडा ओढला, बटण दाबले. काळी धार उतरली आणि घरभर तो वास पसरला. वाटीवर तुळशीपत्र ठेवण्यास ती विसरली नाही. मग हाक आली, "अहो, कॉफी." मी जागच्या जागी बसून राहिलो. ती हाक पुन्हा यावी म्हणून पहिलीला ओ दिली नाही. दुसरी आली.

असे काही दिवस गेले. मग एका दुपारी ती दांडा धरून उभी असतानाच आतून वाफ फुसकारली, फट् असा आवाज झाला आणि घरातील वीज गेली. ती मागे सरकली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी तिचा हात पुन्हा दांड्याकडे नेऊ लागलो, तो तिने झटकला.

टाकी उघडली. कडे भिजत घातलेल्या डाळीसारखे फुगून मऊ पडले होते आणि कडेने बाहेर आले होते. तिथून झिरपलेले पाणी विजेच्या तारांवर उतरले होते. पाणी तापविणारे वेटोळे जळून गेले होते.

मी फोनवर मुलाला तुपासकट सारे सांगितले. तो म्हणाला, "बाबा, तूप? रबर तुपानं फुगतं हो." आणि माझा श्वास ऐकून घाईने म्हणाला, "असू दे. मी वेटोळं मागवतो, नवं कडंही त्याच्याबरोबर."

ते फार दुरून यायचे होते. वाट पाहण्याच्या त्या काळात माझी पूजा यांत्रिक झाली, हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरे आहे. देवापुढे बसलो की तेच फुगलेले कडे दिसे. दिवसभर मी टेबलाशी बसून उरलेले भाग पुसत असे, तारा पुन्हा जोडून पाहत असे. आरंभी ती चार वाजता ओट्याशी येई आणि रिकाम्या जागेवर हात टेकून उभी राही. मग कधी सकाळी येई, कधी दिवेलागणीला. मग येईनाशी झाली. टेबलाजवळून जायचे झाले, तर पदर सावरून, नजर खाली घालून, भिंतीकडेने जाई. ही तिची पूर्वीचीच रीत आहे, असे मी समजत होतो.

वेटोळे आणि नवे कडे आले. या खेपेस देवाची क्षमा मागून मी दुकानदाराची नळी उघडली. सारे जोडून झाले, बटण दाबले. पाणी गढूळ आले, मग निवळ. दुपार होती. मी पूड भरून ठेवली आणि तिला हाक मारली. ती दारात आली.

"झालं का हो दुरुस्त?"

"झालं. बघ ना चालवून."

"मला नाही बाई त्यातलं काही कळत," ती संकोचून म्हणाली. "ते आमचे हे बघतात. शाळेत गेलेत. येतीलच आता."

केर काढणारी बाई उठून उभी राहिली. "आक्का, आवो, ह्ये तर तुमचं—"

मी हाताने तिला थांबविले.

पत्नी आत गेली आणि तांब्याभर पाणी व बशीत गुळाचा खडा घेऊन आली. माझ्यापुढे ठेवताना तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला. "घ्या. किती दिवस खपताय तुम्ही. ते आल्याशिवाय जाऊ नका मात्र. त्यांना चार वाजता कॉफी लागते. बघतील, तर बरं वाटेल त्यांना."

मी गूळ तोंडात टाकला, पाणी प्यालो आणि बसलो. ती अंतर राखून समोरच्या खुर्चीवर टेकली. यंत्राचा तांबडा दिवा लागलेला होता, टाकीतील पाणी तापत होते. चार वाजले. आम्ही दोघेही दाराकडे पाहत होतो.