शाई डाव्या हाताला, मत उजव्या हाताने

महानगरपालिकेची निवडणूक हा ज्याच्या घरचा सण आहे, असा माणूस साऱ्या नागपुरात एकच, आणि तो माझ्या नशिबी मामेसासरा म्हणून आला. मामाजी महाल भागात राहतात, आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून. लोकसभेला ते मत देतात, पण दूरच्या नात्यातल्या लग्नाला हजेरी लावावी तेवढ्याच उत्साहाने. "दिल्लीवाला तुह्या नालीत वाकून पाह्यते काय?" असा त्यांचा सवाल. नगरसेवकपदाच्या उमेदवाराला मात्र, पक्ष कुठलाही असो, ते आधी चहा पाजतात आणि मग गल्लीच्या टोकाला नेऊन तुंबलेल्या नालीवरचं झाकण त्याच्याच हाताने उचलायला लावतात. एकाचा पांढराशुभ्र कुडता त्यात गेला; तो निवडून आल्यावरही मामाजींची गल्ली टाळून जायचा. मधली काही वर्षं निवडणूकच झाली नाही, कारभार प्रशासकाकडे होता, तेव्हा मामाजी अक्षरशः वाळले. महापौर नसलेल्या शहरात त्यांना झोप लागत नसे.

अखेर निवडणूक लागली, तेव्हा आमच्या घरात वेगळंच चाललं होतं. सासूबाईंना, म्हणजे मामाजींच्या धाकट्या बहिणीला, अर्धांगवायू होऊन गेला होता. उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू त्यांनी कोपऱ्यात भिरकावला होता, बोलणं टाकलं होतं, आणि मी भरवीन तेवढंच त्या जेवत होत्या. हात गेला तो गेलाच, असं मीही मनात धरलं होतं.

एका सकाळी मामाजी चपलांचं खोकं घेऊन आले. त्यावर पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा असे चार कागद आणि प्रत्येकावर जुन्या कोटाची बटणं. आमच्या प्रभागातून नगरसेवक चार, म्हणून प्रत्येकाने बटणंही चार दाबायची. लोक एकच दाबून चालू पडतात, हे मामाजींचं जुनं दुःख.

"सुमे, दाब."

सासूबाईंनी डावा हात पुढे केला.

"तो नाही वं! शाई डाव्या हाताले, मत उजव्या हातानं. प्रसाद डाव्या हातानं घेते काय कोणी?"

असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. तसं म्हणायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा ठेवायला उठले. मग रोज सकाळी हीच शाळा. बटण दबलं की मामाजी स्वतःच तोंडाने "पीं" करणार. सासूबाई चिडायच्या, रडायच्या. एकदा त्यांनी खोकंच लोटून दिलं. दुसऱ्या दिवशी मामाजी नवं खोकं घेऊन हजर. पंधरा दिवसांनी पहिलं बटण दबलं. चौथ्यापर्यंत मात्र हात मतदानाच्या आदल्या दिवशीही पोचला नाही.

केंद्रावर अधिकारी म्हणाला, "आजींसोबत कोणी गेलं तरी चालतं."

"काही नको," मामाजी पुरुषांच्या रांगेतून ओरडले, "एकटी जाते ते!"

सासूबाई पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या. बराच वेळ काही नाही. रांग कुरकुरू लागली, अधिकारी घड्याळ पाहू लागला. दाबा डाव्या हाताने आणि या बाहेर, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात चारही मतं पूर्ण झाल्याची लांब शिट्टी वाजली, आणि मामाजींनी पुढच्या अनोळखी माणसाला मिठी मारली.

ऑटोत बसल्यावर त्यांनी विचारलं, "कोणत्या हातानं?" सासूबाईंनी उजवा हात वर केला.

"अन् कोणाले देलं वं?"

"तुले काहून सांगू, दादा?"

कित्येक महिन्यांतलं हे त्यांचं पहिलं सबंध वाक्य. मामाजी तोंड फिरवून घरापर्यंत रस्त्याकडेच पाहत राहिले.

मामाजींचे चारही उमेदवार नेहमीप्रमाणे पडले. सासूबाई आता वरणभात आपल्या हाताने कालवून खातात, आणि त्यांचं ताट वाढताना मला रोज मामाजींची आठवण येते. त्यांचे हे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत. पुढची निवडणूक पाच वर्षांनी, आणि मामाजींनी ऐंशी कधीच ओलांडली. एरवी मी नवस बोलणारी नाही. पण ती निवडणूक त्यांना मिळू दे, असं टेकडीच्या गणपतीला बोलून आले आहे. त्यांना सांगितलेलं नाही.